बिऱ्हाड हलवायचं ठरलं, पण ठरवलं कुणी?

(अर्धापूर येथे आमच्या गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्या मैत्रिणीचा उल्लेख आला आहे, तिची परवानगी घेतली आहे.)



हळदीचं काम अजून पुरतं उरकलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. कितीतरी जणी आज अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आल्या आहेत. म्हणून फार ताणत नाही.

गेल्या बैठकीत काय झालं, ते आधी सांगते. चपला घालता घालता एक मैत्रीण म्हणाली, "ताई, आमचे मालक म्हणायलेत पुण्याला जाऊ. चाकणला कंपनीत लागतो म्हणायलेत. काय करावं?" लगेच आपण सगळ्याजणी सुरू झालो. पगार किती? खोली कुठं? पोरांची शाळा? तिकडं कुणी आपलं आहे का? मीही त्यातच होते. मी तर तिला खोलीभाड्याचा हिशेबही मांडून दिला. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी तेवढं विचारलं, "पर तुला जायचंय का माय?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला कुणी इचारलंच नाही, म्हणून मी बी इचार केला नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं स्त्रियांचं काम करते आहे आणि तिला पगार किती ते विचारलं, मर्जी विचारली नाही. म्हणून आजचा विषय मीच मागून घेतला.

आपल्याला हा प्रश्न विचारायची सवय का नाही? कारण बाईनं गाव बदलणं ही ठरवायची गोष्ट आहे, असं कुणाला वाटतच नाही. लग्न झालं की गाव बदलतं. केंद्र सरकारची २०२०-२१ सालची श्रमशक्ती पाहणी आहे. आपलं मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास ८७ टक्के स्त्रियांनी कारण सांगितलं, लग्न. म्हणजे या देशात सगळ्यात जास्त बिऱ्हाड हलवणारा माणूस कोण? ऊसतोड्या नाही, कंपनीतला कामगार नाही. नवरी. तिला मुलगा दाखवतात, क्वचित तिची पसंतीही विचारतात. पण "त्या गावात राहशील का?" असं कुणी विचारत नाही. तिथं पाणी कुठून येतं, एसटी थांबते का, दवाखाना किती लांब, हे आपण लग्नानंतर बघितलं. इथं बसलेल्यांपैकी लग्नाआधी सासरचं गाव पाहिलेल्या किती जणी आहेत, हात वर करा. तीन. शंभरात तीन.

एकदा न विचारता उचलून नेलं की पुढंही विचारायचं कारण राहत नाही. नवऱ्याचं काम जिकडं, तिकडं बाई. मालकानं बैल विकायचा असेल तर चार जणांचा सल्ला घेतो, मोंढ्यात भाव काढतो. बिऱ्हाड हलवायचं मात्र जेवता जेवता सांगतो. इथं बसलेल्या दोघा-तिघा भावांनी रागावू नये, तुम्ही तसे नसाल.

कुणी म्हणेल, हे रीतीचं झालं, कायद्यात तरी काय आहे? तर ऐका. कायद्यातही हे भांडण सव्वाशे वर्षांहून जुनं आहे आणि त्याची सुरुवात मुंबईत एका मराठी मुलीनं केली. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं होतं. मोठी झाल्यावर तिनं नवऱ्याच्या घरी राहायला जायला नकार दिला. नवरा, दादाजी भिकाजी, कोर्टात गेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, पण अपिलात तो फिरला आणि १८८७ साली तिला सांगण्यात आलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. केवढं धाडस! पुढं १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली. आपल्याला शाळेत हे कुणी शिकवलं नाही.

त्यानंतर स्वातंत्र्य आलं, हिंदू विवाह कायदा आला, पण "नांदायला ये" असा दावा लावायची सोय राहिलीच. १९७७ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं कैलाशवती नावाच्या शिक्षिकेच्या खटल्यात म्हटलं, नवरा जिथं घर करील तिथं बायकोनं राहिलं पाहिजे, नोकरीचं कारण चालायचं नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९७८ साली, दिल्ली उच्च न्यायालयापुढं स्वराज गर्ग यांचा खटला आला. या बाई पंजाबात सुनाम गावी शाळेत होत्या, लग्नाच्या आधीपासून. नवरा दिल्लीत. त्याचं म्हणणं, नोकरी सोडून दिल्लीला ये. न्यायालयानं विचारलं, का म्हणून? घर कुठं करायचं हे ठरवण्याचा हक्क एकट्या नवऱ्याचा आहे, असं कायद्यात कुठंच नाही. दोघांनी मिळून ठरवावं, दोघांची कमाई, दोघांची सोय बघून ठरवावं. अलीकडे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की नांदायला जाण्याचा हुकूम झाला आणि बायको गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. ती का गेली नाही, हे बघावं लागतं.

कोर्टात जा म्हणून हे सांगत नाही. घरात बोलताना पाठीत कणा राहावा म्हणून सांगते.

आता आपल्या मैत्रिणीकडे येते. ती आशा आहे. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला तिचा नंबर पाठ आहे. मालकाकडे दोन एकर, तीही भावाबरोबर सामायिक. कालव्याला इसापूरचं पाणी आलं की केळी, नाही आलं की कपाळावर हात. थोरली मुलगी दहावीला आहे, हुशार आहे, धाकटा सहावीत. म्हणजे चाकणला जायचं ठरलं तर काय होईल? मालकाच्या हातातली मेहनत चाकणलाही चालते. तो उद्या पोहोचला की परवा कामाला लागेल. हिचं काय? आशाचं काम त्या गावची रहिवासी म्हणून मिळतं. अंगणवाडी सेविकेचं तसंच. बचत गटांचं काम बघणाऱ्या ताईंचंही तेच. हे काम ट्रंकेत घालून नेता येत नाही. गाव सोडलं की काम गेलं. दहा-बारा वर्षांची ओळख, हातात आलेलं शिक्षण, गावानं दिलेला मान, सगळं इथंच ठेवून जायचं आणि तिकडं धुण्याभांड्याची कामं शोधायची.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबते. गेल्या वीस-तीस वर्षांत खेड्यातल्या बाईला सरकारनं जी जी जागा दिली, ती सगळी गावाच्या खुंटीला बांधलेली आहे. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा आपल्या झाल्या, तीही जागा गावचीच. बचत गटातलं आपलं नाव, आपली पत, कर्ज मागताना आपल्या बाजूनं बोलणाऱ्या नऊ जणी, हे सगळं गावात. म्हणून घरात हिशेब मांडला जातो तेव्हा त्याचे वीस हजार पाटीवर लिहिले जातात आणि हिचं मानधन "तसंही किती मिळतं" म्हणून पुसलं जातं. मानधन तुटपुंजं आहे, त्यासाठी आशा आणि अंगणवाडीच्या बाया किती वेळा मुंबईला धडकल्या ते तुम्ही जाणता. पण ते तिच्या हातात येतं. पुण्यात तिच्या हातात काय येणार आहे, हा आकडा पाटीवर लिहा.

तिच्या सासूनं दुसरी वाट काढली. मालक जाऊ दे पुण्याला, तू पोरीला घेऊन लातूरला खोली कर. दहावीनंतर लातूर हे आता आपल्याकडे ठरल्यासारखंच झालं आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी एके काळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुलं आणली, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळापासून 'लातूर पॅटर्न' हा शब्द घरोघरी गेला. आता गुणवत्ता यादी नाही, 'नीट'ची परीक्षा आहे आणि क्लासचा बाजार आहे. नांदेडमध्येही तसाच बाजार भरला आहे, भाग्यनगर, श्यामनगर भागात फिरून बघा. प्रत्येक खांबावर मुलांचे फोटो. त्या फोटोतल्या मुलांच्या आया कुठं असतात? मागच्या गल्लीत, एका खोलीत.

मी अशा खोल्यांमध्ये जाऊन बसले आहे. एक पलंग, तो मुलाचा. एक टेबल, मुलाचं. आई खाली सतरंजीवर. पहाटे चारला उठून चहा, सहाला डबा, दुपारी पुन्हा गरम पोळी, कारण मेसचं खाऊन पोटात दुखलं तर पेपर बुडेल. बोलायचं नाही, त्याचा अभ्यास चालू आहे. मोबाईलवर गावाकडच्या सासूचा फोन, गोळ्या कुठं ठेवल्यात? मालकाचा फोन, ज्वारीची पोती कुठल्या खोलीत? दोन संसार, एक बाई. क्लासची फी घरात सगळ्यांना तोंडपाठ असते, लाख रुपये म्हणा, दीड लाख म्हणा. आईच्या दोन वर्षांच्या मजुरीचा आकडा कुणी मांडला आहे का? आणि निकाल लागला नाही की बोल कुणाला? आई तिथं होती ना!

लातूर म्हटलं की मला २०१६ आठवतं. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. सगळा देश त्या गाडीचे फोटो बघत होता. घागर घेऊन रात्री जागणाऱ्या बायकांमध्ये मुलांसाठी आलेल्या या परगावच्या आयाही होत्या. त्यांचं तिथं मत नाही, नगरसेवक ओळखत नाही, घरमालक म्हणतो पाणी तुमचं तुम्ही बघा. म्हणून शहर बघायला गेलात तर आधी नळ किती दिवसांनी येतो ते विचारा, आणि घरमालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा.

हे सगळं मी काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी तावातावानं बोलले होते. बैठक संपल्यावर एक बाई जवळ आली. म्हणाली, "ताई, तुमचं खरं आहे, पण मला ती दोन वर्षं बरी गेली. एकत्र कुटुंबात सतरा वर्षं काढली. लातूरच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. दुपारी दोन तास मी झोपायची, कुणी हाक मारायचं नाही. पोरगा क्लासला गेला की मी शिवणाचं शिकले." आता यावर मी काय बोलणार! जिला आपण बळी समजत होतो, तिला तिथं पहिल्यांदा श्वास घेता आला होता. तेव्हापासून "शहर वाईट, गाव चांगलं" असं मी म्हणत नाही. "शहर चांगलं" असंही म्हणत नाही. एकटी, टाकलेली बाई गावात राहिली तर भावकी तिच्यावर नजर ठेवते, शहरात गेली तर खोली देताना विचारतात, "मिस्टर काय करतात?" परित्यक्तांचे मेळावे भरू लागले, तेव्हापासून हेच ऐकते आहे. पण त्यातल्या ज्या शहरात टिकल्या, त्यांना परत गावात या म्हटलं तर येणार नाहीत.

आणखी एक. घर हलतं तेव्हा शेजार तुटतो. किल्लारीचा भूकंप आठवतो ना, ३० सप्टेंबर १९९३. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं नव्या जागी वसवली. जमिनीप्रमाणं अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरं, रुंद सरळ रस्ते, शहरासारखी आखणी. घरं बरी होती. पण तिकडच्या बाया सांगायच्या, पहिल्या गावात दारात बसून चार घरांशी बोलता यायचं, इथं मीठ मागायला गेलं तर रस्ता ओलांडून जावं लागतं. पुरुषांचा पार पुन्हा तयार झाला, बायकांचा उंबरा झाला नाही. हे काही किरकोळ नाही. रात्री मार बसला तर हाक कुणाला जाते? अर्थात इथं गल्ली आहे म्हणून गल्ली मधे पडते असं नाही, तेही आपण बघितलंय. पण चाकणच्या खोलीत, तीन मजल्यांच्या चाळीत, भाषा वेगळ्या, माणसं शिफ्टमध्ये झोपलेली, तिथं निदान फोन नंबर तरी पाठ हवा. ११२ पोलिसांचा, १८१ बायकांसाठीचा. आणि हेही माहीत हवं, की २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तुम्ही आत्ता जिथं राहता, मग ते तात्पुरतं का असेना, तिथल्या कोर्टात दाद मागता येते. माहेरी आलात तर माहेरच्या ठिकाणीही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ४९८-अ च्या तक्रारीबाबतही तसंच म्हटलं आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण जाताना घाईत कागदच राहतात. शहरात खोली घेतली तर भाडेकरार लेखी करून नोंदवणं ही १९९९ च्या भाडे कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे. त्यावर दोघांची नावं घाला म्हणावं. उद्या नवरा निघून गेला तर खोली कुणाची, हा वाद नको. रेशन आता आधारवर कुठल्याही दुकानात मिळतं, चौघांनी तिकडं आणि सासूनं इकडं असं वाटूनही घेता येतं, त्यासाठी कार्ड मोडू नका. बचत गटाचा हिशेब लेखी घ्या, शिल्लक किती, कर्ज किती. आणि जमीन. गाव सोडून गेलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर हळूच राहून जातं. विशेषतः नवरा वारला असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद करा, फेरफार झाला का बघा, उतारा हातात घ्या, मग टेम्पो बोलवा. माहेरच्या जमिनीतही वाटा आहे. महाराष्ट्रानं तो १९९४ साली दिला, देशानं २००५ साली, आणि बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. भावाला राखी बांधतानाच हे बोलावं, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी बोला.

तर आपली मैत्रीण. गेल्या पंधरवड्यात आम्ही दोघी तीनदा बसलो. तिला एक वही दिली आणि म्हटलं, तिघांचं तीन पानांवर लिही. मालकाला काय हवं, पोरीला काय हवं, तुला काय हवं. मालकाचं पान भरलं, पोरीचं भरलं, स्वतःचं पान तीन दिवस कोरं होतं. चौथ्या दिवशी तिनं लिहिलं, आशाचं काम सोडायचं नाही. त्याखाली, पोरीला शिकवायचं. त्याखाली बारीक अक्षरात, मालकांपासून लांब राहायला भीती वाटते. भीती कसली, ते तिनं मला सांगितलं, इथं सांगत नाही. पण अशा घरांतून माणूस पुण्याला गेला आणि दोन वर्षांनी दुसरा संसार थाटलेला निघाला, हे आपण सगळ्यांनीच बघितलं आहे.

मग पोरीला विचारलं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तिला डॉक्टर व्हायचंय. ती म्हणाली, मला शिक्षिका व्हायचंय, लातूर कशाला? अर्धापूरहून नांदेड पंधरा-वीस किलोमीटर. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती. आईला सोबत जायचं झालं तर मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. म्हणजे सकाळची गाडी वेळेवर आली तर खोलीच करायला नको. गाडी वेळेवर येत नाही, हे मला माहीत आहे. ती आणण्यासाठी आगारात जायचं, हे काम आपलं सगळ्यांचं आहे आणि त्याचं निवेदन तयार आहे, जाताना सह्या करा.

राहिले मालक. त्यांनी जायचंच म्हटलं तर हिचा सवाल एवढाच आहे, आधी सहा महिने तुम्ही जाऊन या, पैसे किती उरतात ते दाखवा, दर महिन्याला या, तोवर मी काम सोडत नाही. हे ती स्वतः त्यांच्याशी बोलली. घरात दोन दिवस चूल पेटली पण बोलणं पेटलं नाही, असं ती म्हणते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, बघू. होळीनंतर ती त्यांच्याबरोबर चाकणला जाणार आहे, राहायला नाही, बघायला. खोली, नळ, शाळा, आणि तिथल्या आशा ताईंना भेटायला. शहरातही आशा असतात, तिथं आपल्याला काही जमतं का, हे तिला विचारून यायचं आहे. जमेल असं मला वाटत नाही, पण विचारलं पाहिजे.

ती काय ठरवणार, ते मला ठाऊक नाही. इथं मागच्या ओळीत लातूरला राहून आलेल्या चौघी बसल्या आहेत आणि एक जण तर चाकणहून परत आली आहे. मी फार बोलले. आता माईक तिकडं द्या.